अक्षरांनाही मूठमाती

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत प्रत्येक घरी एक अवघड प्रसंग येतो. माळ्यावरचा फाटका आकाशकंदील, तळ गेलेले पिंप, कान तुटलेल्या कपबशा यांचा निकाल घरची गृहिणी एका नजरेत लावते. वर्तमानपत्रांची रद्दी तराजूवर चढते. आणि मग सगळ्यांच्या तळाशी, फडक्यात बांधलेली, पाने सुटलेली एखादी पोथी निघते. आजेसासूबाईंच्या हातची, हळदीकुंकवाचे डाग पडलेली. कसर लागलेली असते, वाचायला कोणी उरलेले नसते. पण हात थबकतो. "ते रद्दीत घालू नका हं!" अशी स्वयंपाकघरातून हाक येते. मग ती पोथी पुन्हा माळ्यावर जाते, नाहीतर कोणी नदीकाठी निघालेला भेटला तर विसर्जनासाठी त्याच्या स्वाधीन होते. या बाबतीत आपल्याकडे घराघरांची रूढी आहे आणि मनामनांचा संकोच आहे.

यहुदी लोकांकडे मात्र या प्रश्नाचे एक सबंध शास्त्रच आहे. जीर्ण झालेल्या पवित्र लिखाणाचे काय करावे, यावर त्यांच्या पंडितांनी दोन हजार वर्षे खल केला आहे. त्यांच्या कायद्यातील बारकावे पाहून पहिल्यांदा जरा हसू येते. थोडे पुढे वाचले की हसू ओसरते आणि माणूस विचारात पडतो. म्हणून यंदा दिवाळीच्या या पानावर त्या शास्त्राची थोडी ओळख.

त्याचे मूळ आहे बायबलमध्ये. मराठी भाषांतरात ज्याला 'अनुवाद' असे नाव दिले आहे, त्या मोशेच्या पाचव्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात. नव्या देशात गेल्यावर परक्या दैवतांच्या वेद्या मोडा, मूर्ती फोडा, त्यांची नावे त्या ठिकाणाहून पुसून टाका, अशी तेथे आज्ञा आहे. आणि लगेच पुढे, तुमच्या परमेश्वराच्या बाबतीत असे करू नका, असे बजावले आहे. पंडितांना प्रश्न पडला की, स्वतःच्याच देवाची वेदी फोडायला कोण भला माणूस जाईल? मग हे सांगण्याचे प्रयोजन काय? तेव्हा याचा अर्थ असा की, परमेश्वराचे लिहिलेले नाव पुसता कामा नये. एवढ्या एका बीजातून पुढचा सारा वृक्ष वाढला.

बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्री मायमोनिडीस याने आपल्या संहितेत हे नियम नीट मांडून ठेवले आहेत. परमेश्वराची सात नावे अशी की, त्यांतील एक अक्षरदेखील पुसणे हा दंडनीय अपराध. दयाळू, महान, समर्थ ही झाली विशेषणे. ती पुसली तर चालतात. हिब्रू भाषेत 'ला', 'चा' यांसारखे काही शब्दांश नावाच्या आधी जोडतात, तर 'आमचा', 'तुमचा' हे अर्थ दाखवणारे प्रत्यय नावाच्या मागे लागतात. पंडितांनी ठरवले की, आधी जोडलेले अक्षर पुसता येईल. पण मागे लागलेले पुसता येणार नाही, कारण देवाच्या नावाने त्यालाही पावन करून घेतले. आपल्या मराठीत तर सगळे विभक्तिप्रत्यय मागेच लागतात. तेव्हा हा नियम आपल्याला लावला असता तर 'देवाला' मधला 'ला' फुकटात अमर झाला असता!

भांड्यावर नाव कोरलेले असेल तर तेवढा पत्रा कापून घ्यायचा आणि जपून ठेवायचा. उरलेले भांडे मग मोडीत घालायला हरकत नाही. कोणाच्या अंगावर नाव लिहिलेले असेल तर त्याने त्यावर पाणी घेऊ नये, तेल चोळू नये. धर्मासाठी स्नान करणे भागच असेल तर त्या जागी वेताचे पान गुंडाळावे. आकड्यांनासुद्धा सवलत नाही. हिब्रू लिपीत आकडे अक्षरांनी लिहितात. त्या हिशेबाने पंधरा म्हणजे दहा आणि पाच. पण दहाचे आणि पाचाचे अक्षर शेजारी शेजारी आले की देवाच्या नावाचा पहिला भाग तयार होतो. म्हणून पंधरा लिहिताना नऊ आणि सहा, आणि सोळा लिहिताना नऊ आणि सात! यहुदी पंचांगात आजही महिन्याच्या पंधराव्या तिथीला हा वळसा घ्यावा लागतो.

ज्या ग्रंथासाठी ही सारी काळजी, तो लिहिण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. सिनेगॉगमध्ये वाचला जाणारा 'तोरा', म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, हा छापलेला चालत नाही. तो शुद्ध जनावराच्या कमावलेल्या कातड्यावर, बोरूने किंवा पिसाच्या लेखणीने, हातानेच लिहिलेला लागतो. त्याची अक्षरे मोजून ठेवली आहेत: ३,०४,८०५. लिहिणाऱ्याला म्हणतात 'सोफेर'. देवाचे नाव लिहिण्याची वेळ आली की तो थांबतो, आपण हे नाव त्याच्या पावित्र्यासाठी लिहीत आहोत असे म्हणतो, आणि मगच लेखणी टेकवतो. त्या क्षणी साक्षात राजाने येऊन कुशल विचारले तरी त्याने उत्तर देऊ नये, असा दंडक आहे. इतर शब्दांत चूक झाली तर शाई खरवडून दुरुस्ती करता येते. पण देवाच्या नावातच चूक झाली तर ती खरवडायची सोय नाही. कातड्याचा तो सबंध ताव बाजूला काढून ठेवावा लागतो आणि नवा लिहावा लागतो. वाचतानाही उघड्या कातड्याला बोट लावायचे नसते. त्यासाठी टोकाला छोटासा हात असलेली कांडी असते, आणि तिला 'याद' म्हणजे 'हात' असेच म्हणतात.

आता असा ग्रंथ जीर्ण झाला तर? जाळायचा नाही, फाडायचा नाही, फेकायचा नाही. तालमूदमध्ये सांगितले आहे की, झिजलेला तोरा मातीच्या भांड्यात घालावा आणि एखाद्या विद्वानाच्या शेजारी पुरावा. तो विद्वान फार मोठा नसला, साधे नियम शिकवणारा असला, तरी चालेल. मातीचे भांडे का? यिर्मया नावाच्या संदेष्ट्याने जमिनीचे खरेदीखत दीर्घकाळ टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात घालायला सांगितले होते, त्याचा हा आधार. येथे कायद्याची नाजूक नजर दिसते. नाश व्हायचा तो काळाच्या हातून होऊ दे. माणसाच्या हातून नको. किंबहुना काळालाही थोडा उशीरच होऊ दे!

ग्रंथाबरोबर त्याच्या लवाजम्याचीही व्यवस्था आहे. तोराचे वेष्टन, त्याची पेटी, प्रार्थनेच्या वेळी कपाळाला आणि दंडाला बांधायच्या चामडी डब्या आणि त्यांचे पट्टे यांनी पवित्र शब्द जवळ बाळगला, म्हणून त्यांनाही मूठमाती द्यायची. पण सणाला हातात धरायची खजुरीची झावळी किंवा फुंकायचे मेंढ्याचे शिंग यांचे तसे नाही. त्यांनी धर्माचे काम केले खरे, पण शब्द वाहिला नाही. काम संपले की त्यांची पवित्रता संपली; ती टाकून देता येतात. पूजेची प्रत्येक वस्तू सारखीच पवित्र, असे हा कायदा मानत नाही. कशाला किती मान, याचे त्याचे मोजमाप काटेकोर आहे.

अशी जीर्ण लिखाणे पुरण्यापूर्वी साठवून ठेवण्याच्या जागेला 'गेनिझा' म्हणतात. शब्दाचा अर्थ दडवून ठेवणे, साठवणे. त्याचे नाते खजिन्यासाठी असलेल्या जुन्या इराणी शब्दाशी आहे. फारसीतला 'गंज' त्याच कुळातला. म्हणजे ज्याला आपण अडगळीची खोली म्हणू, तिला यहुद्यांनी नाव दिले ते तिजोरीचे!

पण या तिजोरीला आणखी एक उपयोग होता. ज्यांच्या मजकुराविषयी शंका वाटते, असे ग्रंथही लोकांच्या नजरेआड करायला ती सोयीची. यहेज्केल या संदेष्ट्याचा ग्रंथ मोशेच्या नियमांशी जुळत नाही, म्हणून तो असाच दडवण्याचा घाट एकदा घातला गेला होता. तेव्हा हनन्या नावाच्या पंडिताने दिव्यासाठी तीनशे पिंपे तेल वर नेऊन माडीवर मुक्काम ठोकला, आणि सारे विरोध जुळवून दाखवल्यावरच तो खाली उतरला, अशी कथा तालमूदमध्ये आहे. ग्रंथ वाचवायला तीनशे पिंपे तेल जाळणारा माणूस आपल्या दीपोत्सवात आठवावा असाच आहे.

जगाला गेनिझा हा शब्द कळला तो मात्र कैरोमुळे. जुन्या कैरोत, फुस्तात भागात, बेन एज्रा नावाचे प्राचीन सिनेगॉग आहे. तेथे बायकांच्या सज्जाच्या टोकाला भिंतीत उंचावर एक भोक आणि त्यापलीकडे एक बंद खोली. शिडी लावून वर चढायचे आणि जीर्ण कागद आत टाकायचे, असा प्रघात शतकानुशतके चालला. पुढे ते कागद पुरायला न्यायचे राहून गेले. ईजिप्तची हवा कोरडी. कागद कुजलेही नाहीत.

१८९६ साली ॲग्नेस लुइस आणि मार्गारेट गिब्सन या दोघी विद्वान जुळ्या बहिणींनी पूर्वेकडच्या प्रवासातून काही जुनी पाने विकत आणली आणि केंब्रिजमध्ये सॉलोमन शेख्टर या पंडिताला दाखवली. त्याने एक पान ओळखले मात्र, आणि तो उडालाच. 'बेन सिरा' या ग्रंथाचे ते मूळ हिब्रू पान होते. त्या ग्रंथाचे ग्रीक भाषांतर सगळ्यांना ठाऊक होते. मूळ संहिता मात्र अनेक शतके हरवलेली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस शेख्टर कैरोला गेला, तेथील धर्मगुरूंची परवानगी मिळवली आणि कित्येक आठवडे त्या कोंदट खोलीत धूळ खात बसला. सुमारे १,९३,००० तुकडे त्याने केंब्रिजला आणले. इतर ग्रंथालयांतले धरले तर एकूण संख्या तीन लाखांच्या वर जाते.

त्यांत सारेच धर्मग्रंथ होते असे नाही. हिब्रू अक्षरांचाच लोकांना एवढा आदर की, त्या लिपीत लिहिलेला कुठलाही कागद ते त्या भोकातून आत टाकीत. अरबी भाषेतली पत्रेसुद्धा ते हिब्रू लिपीतच लिहीत. त्यामुळे विवाहाचे करार, घटस्फोटाची पत्रे, दुकानाचे हिशेब, वैद्यांच्या औषधांच्या याद्या, मुलांनी अक्षरे गिरवलेली पाने, असा सारा संसारच तेथे साठला. एस. डी. गॉयटाइन या पंडिताने या कागदांवरून मध्ययुगातील भूमध्य सागराकाठच्या समाजाचे चित्र उभे केले. १९६७ पासून १९८८ पर्यंत त्या ग्रंथाचे पाच खंड निघाले.

या कागदांत आपला हिंदुस्थानही आहे. अब्राहाम बेन यिजू नावाचा ट्युनिशियाकडचा व्यापारी ११३२ ते ११४९ या काळात मलबार किनाऱ्यावर, मंगळूरला राहत होता. त्याचा पितळी भांड्यांचा कारखाना होता. मिरी आणि सुपारीचा व्यापार होता. आशू नावाच्या इकडच्याच स्त्रीशी त्याने संसार मांडला होता. एडनचे त्याचे मित्र त्याला साखर, मनुका आणि लिहायला कागद पाठवीत. मंगळूरच्या धक्क्यावरचा हा पत्रव्यवहार त्याच्याबरोबर पश्चिमेला गेला आणि शेवटी कैरोच्या त्या भिंतीत पडून राहिला, म्हणून आज आपल्याला त्याच्या घरातल्या साखर-मनुकांचाही पत्ता आहे.

आणखी एक पत्र वाचताना तर गलबलून येते. मायमोनिडीसचा धाकटा भाऊ दाविद जवाहिऱ्या होता. ११७० च्या सुमारास तांबड्या समुद्रावरच्या आयधाब बंदरातून त्याने थोरल्या भावाला लिहिले की, वाळवंट सुखरूप पार पडले. आता मी हिंदुस्थानला निघालो आहे. घरी काळजी करू नका. हे त्याचे अखेरचे पत्र. त्याचे गलबत हिंदी महासागरात बुडाले. मायमोनिडीसने पुढे लिहून ठेवले आहे की, त्या दुःखाने आपण वर्षभर अंथरुणाला खिळलो होतो. पवित्र अक्षरे कशी जपावी याचे नियम ज्याने जगाला सांगितले, त्याच्या भावाची अक्षरे त्याच नियमामुळे आठशे वर्षे जपली गेली.

येथे एक पेच उभा राहतो. कायद्याचा हेतू जपणूक नव्हता. मानाने निरोप देणे हा होता. कैरोच्या मंडळींनी शास्त्र शेवटपर्यंत पाळून ते सारे कागद वेळच्या वेळी पुरले असते, तर बेन सिराही गेला असता आणि दाविदचे पत्रही. आपल्या हाती लागले ते राहून गेलेल्या कामाचे फळ! मग खरा आदर कोणता? मातीत विसावू देण्याचा, की उकरून काचेखाली ठेवण्याचा? आज ते तुकडे ग्रंथालयांत निगुतीने ठेवले आहेत, आणि एकाच पानाचे वेगवेगळ्या देशांत विखुरलेले भाग संगणकाच्या साहाय्याने जुळवले जात आहेत. माझ्या मते यात मानहानी नाही. पुरणे हा जीर्ण शब्दाचा मान. पण जो शब्द अजून बोलतो आहे, त्याचे ऐकणे हा त्याहून मोठा मान.

शब्द आणि माणूस यांना हा कायदा एकाच मापाने मोजतो. कोणाचा प्राण जाताना जो जवळ असतो त्याने आपले वस्त्र फाडावे, कारण तोराचा ग्रंथ जळताना पाहण्यासारखेच ते आहे, असे पंडित सांगतात. विसाव्या शतकात नाझींनी माणसे आणि ग्रंथ दोन्ही जाळून हे समीकरण भयंकर रीतीने खरे करून दाखवले. बोहेमिया आणि मोराविया या प्रांतांतील सिनेगॉगमधून गोळा झालेले १,५६४ तोरा प्रागमध्ये पडून होते. १९६४ साली ते लंडनला आणण्यात आले. जे दुरुस्त होण्याजोगे होते ते एका सोफेराने वर्षानुवर्षे बसून दुरुस्त केले आणि ते जगभरच्या सिनेगॉगांत गेले. ज्या गावांतून ते आले, त्यांपैकी कितीतरी गावांत ते वाचणारा एकही माणूस उरला नव्हता. ग्रंथांना शेजार द्यायला विद्वानाची कबरही नव्हती.

छापखाना आला तसे नवे प्रश्न आले. मुद्रिते तपासून झाल्यावर त्या कागदांचे काय करायचे? पुढे धार्मिक साप्ताहिके, शाळेतल्या मुलांच्या प्रती, यंत्रावर काढलेल्या नकला यांचा पूर आला. आज अनेक सिनेगॉगमध्ये अशा कागदांसाठी पेटी ठेवलेली असते. भरली की ती दफनभूमीत नेतात. क्षणभराच्या कामासाठी छापलेल्या कागदाला एवढा मान द्यावा का, यावर पंडितांत मतभेद आहेत. संगणकाच्या पडद्यावर उमटलेले नाव मात्र पुसायला हरकत नाही, असे बहुतेकांचे मत. कारण तो प्रकाशाचा खेळ, ते लिखाण नव्हे. परकी भाषा असेल तर काय, हाही जुना वाद. इंग्रजीत देवाचे नाव लिहिताना कित्येक यहुदी मधले अक्षर गाळून तेथे रेघ मारतात, ते याच भीतीने. पूर्ण लिहिलेच नाही, म्हणजे पुसले जाण्याचा धोका नाही.

भाषेचा हा प्रश्न थेट आपल्या मराठीपर्यंत येतो. मिश्ना या प्राचीन संहितेत म्हटले आहे की, पवित्र लिखाण कोणत्याही भाषेत असले तरी जीर्ण झाल्यावर ते गेनिझात ठेवलेच पाहिजे. आता आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोक घ्या: दिवेकर, पेणकर, केहीमकर, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हग्गादा' १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ मध्ये पुण्यास सचित्र आवृत्ती निघाली. बाळबोध अक्षरांतले ते मराठी मिश्नाच्या नियमाप्रमाणे हिब्रूच्या पंक्तीला बसले. त्याचे सुटे पानसुद्धा रद्दीवाल्याच्या तराजूत घालायचे नाही. आपल्या भाषेला मिळालेला हा मान फारसा कोणाला ठाऊक नाही.

आणि याच लोकांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले, सात जोडपी वाचली, आणि बरोबरचे सारे ग्रंथ समुद्राने गिळले. उरली ती फक्त तोंडपाठ असलेली 'शेमा' ही प्रार्थना. तेवढीच पिढ्यान् पिढ्या म्हणत ते यहुदी राहिले. ज्यांच्याजवळ पुरायलाही ग्रंथ उरला नव्हता, त्यांनी शब्द जिभेवर जपला. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले. जाताना मराठी बरोबर घेऊन गेले.

एवढे सगळे झाल्यावर या कायद्यातला एक अपवाद सांगायचा राहिला, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. पुरातन काळी बायकोच्या चारित्र्याचा संशय घेणारा नवरा तिला याजकाकडे नेई. याजक देवाच्या नावासह शापवचने लिही, ती पाण्यात धुऊन काढी आणि ते पाणी तिला पाजी. विधी आजच्या दृष्टीने बाईवर अन्याय करणाराच. दोन हजार वर्षांपूर्वी पंडितांनी तो बंदही केला. पण त्यातून त्यांनी एक निष्कर्ष काढून ठेवला. जे नाव राजासाठीसुद्धा अर्धवट सोडायचे नाही, ते नवराबायकोत समेट व्हावा म्हणून देवाने पाण्यात पुसू दिले!

रब्बी मेईर या पंडिताची कथा आहे. त्याचे प्रवचन लांबले म्हणून एका बाईला घरी जायला उशीर झाला. दिवा विझला होता. नवरा संतापून म्हणाला, त्या प्रवचनकाराच्या तोंडावर थुंकून आल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस. रब्बीच्या कानी हे गेले. त्याने डोळा दुखत असल्याचे सोंग केले आणि डोळ्यावर मंत्र टाकणारी कोणी बाई आहे का, म्हणून विचारले. ती घाबरत पुढे आली. तो म्हणाला, सात वेळा थुंक, म्हणजे बरे वाटेल. ती थुंकली. मग तो तिला म्हणाला, जा आणि नवऱ्याला सांग, तुम्ही एकदा म्हणालात, मी सात वेळा थुंकले. शिष्य खवळले: गुरूची ही काय अप्रतिष्ठा! रब्बी शांतपणे म्हणाला की, ज्या घरच्या शांतीसाठी देवाने आपले नाव पुसू दिले, तिच्यासाठी माझ्या तोंडाची काय मातब्बरी?